पसंत पडलं तर ठेवा

अमेरिकेतल्या नाणेसंग्राहकांच्या जुन्या आठवणी वाचायला घेतल्या, की ‘ऑन अप्रूव्हल’ हे दोन शब्द भेटल्यावाचून राहत नाहीत. कोणी शाळेत असताना अप्रूव्हलवर पहिलं नाणं मागवलेलं असतं, तर कोणाच्या घरी अप्रूव्हलच्या पाकिटांवरून रागावारागवी झालेली असते. हे शब्द मराठीत आणायचे म्हटलं तर कोश फारशी मदत करत नाही. ‘मंजुरी’ साहेबाकडून मिळते. ‘संमती’ विवाहाला किंवा शस्त्रक्रियेला दिली जाते. ‘पसंती’ त्यातल्या त्यात जवळची, पण ती मनाची अवस्था झाली. इथे हवं आहे ते व्यवहाराचं नाव.

ते बाजारात सापडतं. जांगड. माल दुकानातून घरी न्यायचा, निवांत पाहायचा, पटला तर पैसे द्यायचे आणि नाही पटला तर जसाच्या तसा परत करायचा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात हा शब्द आहे. गुजरातीत तो असाच आहे आणि हिंदी कोशांत ‘जाकड़’ या रूपाने आहे. मुंबईच्या आणि सुरतेच्या हिरेबाजारात आजही दलाल जांगडच्या चिठ्ठीवर दुसऱ्याचे हिरे खिशात घालून गिऱ्हाइकाकडे जातो. तोवर हिरा कोणाचा? ज्याने दिला त्याचा. जो घेऊन फिरतो आहे त्याच्याकडे तो फक्त विश्वासाने आलेला असतो.

भाषांतराचा प्रश्न इथे सुटला असं वाटतं, आणि तिथूनच इतिहासाचा प्रश्न सुरू होतो. जांगड चालते ती ओळखीवर. देणारा घेणाऱ्याला ओळखतो, त्याच्या बापाला ओळखतो, त्याची पेढी कुठे आहे ते त्याला ठाऊक असतं. माल परत आला नाही तर निरोप जातो, मग माणूस जातो, आणि शेवटी बाजारात नाव जातं. अमेरिकेतल्या तिकीट आणि नाणे व्यापाऱ्यांनी हाच व्यवहार हजारो मैलांवरच्या, कधीही न पाहिलेल्या माणसांशी केला, आणि त्यांतले कितीतरी जण शाळकरी मुलं होती. ओळखीशिवायची जांगड चालली कशी, ती कोणाला काय देऊन गेली, आणि तिच्यात फसगत नेमकी कुठल्या जागी शिरली, हे पाहण्यासारखं आहे.

*

या धंद्याचा जन्म नाण्यांत नव्हे, टपाल तिकिटांत झाला. १८४० साली इंग्लंडमध्ये पहिलं चिकटवायचं तिकीट निघालं आणि दोनेक दशकांत तिकिटं गोळा करण्याचा छंद युरोप-अमेरिकेत पसरला. स्टॅन्ली गिबन्सने १८५६ मध्ये प्लिमथला तिकिटांचा व्यापार सुरू केला. हा माल टपालासाठीच घडवल्यासारखा होता. वजन जवळजवळ शून्य, आकार नखाएवढा आणि किंमत पेनीपासून सुरू. व्यापारी कागदाच्या तावावर तिकिटं हलकेच चिकटवायचा, प्रत्येकाखाली किंमत लिहायचा आणि ताव पाकिटात घालून धाडायचा. घेणारा हवी ती तिकिटं काढून घ्यायचा आणि उरलेला ताव पैशांसकट परत पाठवायचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही पद्धत शाळाशाळांतून रुळली. बॉस्टनच्या एच. ई. हॅरिसची १९१६ साली सुरू झालेली कंपनी पुढे तिच्यावरच मोठी झाली. तिच्या जाहिराती मुलांच्या मासिकांत आणि कॉमिक्सच्या पानांवर दिसत.

अमेरिकेत याला अनुकूल जमीन तयार होतीच. माँटगोमेरी वॉर्डने १८७२ मध्ये शेतकऱ्यांसाठी टपालाने माल विकायला सुरुवात केली, आणि पसंत न पडल्यास पैसे परत देण्याची हमीही लवकरच दिली. १८९६ पासून ग्रामीण भागात घरपोच टपाल जाऊ लागलं, आणि १९१३ च्या जानेवारीत पार्सल सेवा सुरू झाली. न पाहिलेली वस्तू दूरवरच्या शहरातून मागवायची, या कल्पनेची भीती दोन पिढ्यांत गेली. तरी कॅटलॉगच्या व्यवहारात आधी पैसे आणि मग वस्तू हा क्रम कायम होता. अप्रूव्हलने तो उलटा केला. आधी वस्तू, मग निर्णय आणि सगळ्यात शेवटी पैसे.

*

नाण्यांना मात्र वजन असतं. तिकिटं पाठवायला जेवढा खर्च येई तेवढ्यात नाणी जात नसत. शिवाय गोळा करायची नाणी माणसाच्या खिशातच असताना ती टपालाने कोण मागवणार? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात तीन पायऱ्यांनी तयार झालं.

पहिली पायरी बी. मॅक्स मेल या व्यापाऱ्याची. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला बसून त्याने वर्तमानपत्रांत आणि पुढे रेडिओवर जाहिरातींचा धडाका लावला. १९१३ सालचं ‘लिबर्टी हेड’ निकेल आणून द्या आणि पन्नास डॉलर घेऊन जा, असं त्याचं आमंत्रण होतं. अशी नाणी जगात पाचच माहीत आहेत, आणि ती त्या काळातही संग्राहकांच्याच हातांत होती. कोणाच्या गल्ल्यात ती सापडण्याची शक्यता जवळजवळ नव्हती. पण मेलला ती विकत घ्यायची नव्हतीच. त्याला आपली एक डॉलरची नाण्यांच्या किमतींची पुस्तिका खपवायची होती. त्या जाहिरातींनी एक मोठी गोष्ट केली. मोड मोजताना सालाकडे पाहायची सवय लाखो लोकांना लागली.

दुसरी पायरी पुठ्ठ्याची. १९३० च्या दशकाच्या मध्यात, मंदीच्या दिवसांत, विस्कॉन्सिनमधल्या नीना गावच्या जे. के. पोस्ट यांनी एक पुठ्ठा बनवला. त्यात एका सेंटच्या आकाराची गोल भोकं होती आणि प्रत्येक भोकाखाली साल छापलेलं होतं. त्याच राज्यातल्या रसीन शहरातली व्हिटमन ही मुलांची पुस्तकं छापणारी कंपनी. तिने ही कल्पना उचलली, देशभर विकली आणि पुढे घडीच्या पुस्तिकेच्या रूपात घराघरांत नेली. करमणुकीला पैसे नसलेल्या दिवसांत हा खेळ स्वस्त होता. खिशातली नाणी तपासायची आणि भोकं भरायची. खर्च केलेला पैसाही पुठ्ठ्यात पैसा म्हणूनच राहायचा.

पण पुठ्ठ्याचा खरा परिणाम न भरलेल्या भोकांनी घडवला. १९०९ साली लिंकनचा चेहरा असलेला सेंट निघाला. त्याच्या पहिल्या नाण्यांवर शिल्पकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर यांची आद्याक्षरं होती. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत अशी नाणी २ कोटी ७९ लाखांहून अधिक पडली, आणि सॅन फ्रान्सिस्कोत फक्त ४ लाख ८४ हजार. १९१४ साली डेन्व्हरमध्ये पडलेले सेंट सुमारे ११ लाख ९३ हजार होते, तर १९३१ सालचे सॅन फ्रान्सिस्कोचे ८ लाख ६६ हजार. पश्चिमेत पडलेली ही थोडकी नाणी पूर्वेकडच्या एखाद्या गावातल्या मुलाच्या हाती यायची ती क्वचितच. बारा वर्षांचा मुलगा रोज संध्याकाळी वाण्याच्या गल्ल्यातली चिल्लर चाळत राहिला तरी ती दोन-तीन भोकं तशीच राहत. पुठ्ठ्याआधी त्याला आपल्याकडे काय आहे हे माहीत असे. पुठ्ठ्याने त्याला आपल्याकडे काय नाही हे शिकवलं. टपालाने नाणी विकणाऱ्याचं निम्मं काम तिथेच झालं.

तिसरी पायरी किमतीची. १९४६ च्या अखेरीस आर. एस. योमन यांचं, लाल बांधणीमुळे ‘रेड बुक’ म्हणून ओळखलं जाणारं मार्गदर्शक पुस्तक बाजारात आलं. त्याच्या मुखपृष्ठावर साल होतं १९४७. कुठल्या सालाच्या, कुठल्या टांकसाळीच्या आणि कुठल्या अवस्थेतल्या नाण्याला काय मोल, हे आता गावातल्या ग्रंथालयात बसूनही कळू लागलं. दूरच्या व्यापाऱ्याने लावलेली किंमत ताडून पाहायला मुलाच्या हाती काहीतरी आलं.

*

१९४५ साली, युद्ध संपता संपता, मेनार्ड संडमन आणि त्यांच्या पत्नी फॅनी यांनी न्यू हॅम्पशायरमधल्या लिटलटन या गावी तिकिटांची कंपनी सुरू केली. व्हाइट माउंटन्सच्या पायथ्याशी, अमोनूसक नदीच्या काठी वसलेलं हे लहान गाव. दूरच्या घरांत चित्रं पोचवण्याचा अनुभव या गावाला आधीपासून होता. एकोणिसाव्या शतकात किलबर्न बंधूंनी इथूनच दुहेरी भिंगातून पाहायच्या छायाचित्रांचा जगभर व्यापार केला होता. संडमन यांच्या कंपनीने तिकिटांच्या जोडीला नाणी घेतली, आणि पुढे नाणी हाच तिचा मुख्य व्यवसाय झाला. टपालाच्या धंद्याला मोठं शहर लागत नाही, विश्वासू टपालघर आणि नीट ठेवलेल्या नोंदी लागतात, याचं लिटलटन हे चांगलं उदाहरण आहे.

व्यवहाराची रीत साधी होती आणि थोड्याफार फरकाने सगळ्याच व्यापाऱ्यांकडे तीच दिसते. मासिकात एक लहान जाहिरात येई. तिच्यात नाण्यांचा एखादा छोटा संच इतक्या स्वस्तात असे, की त्यात व्यापाऱ्याला काही सुटणं शक्यच नव्हतं. जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरांत एक वाक्य असे, की या संचासोबत इतर नाणीही अप्रूव्हलवर पाठवली जातील. मुलगा कुपन कापून पाठवी. काही दिवसांनी जाड पाकीट येई. त्यात मागवलेला संच आणि त्याशिवाय पुठ्ठ्याच्या चौकोनी घरांत बसवलेली नाणी. मध्ये पारदर्शक खिडकी, कडेला साल, टांकसाळ, अवस्था आणि किंमत. सोबत हिशेबाचा कागद आणि परतीचं पाकीट. हवी ती ठेवायची, त्यांचे पैसे आणि उरलेली नाणी ठरलेल्या दिवसांत परत करायची. तसं केलं की पुढच्या महिन्यात आणखी एक पाकीट.

या रचनेत व्यापारी काय पणाला लावत होता, ते पाहिलं पाहिजे. न पाहिलेल्या मुलाकडे त्याने माल पाठवला. त्या काळात बहुतेक राज्यांत सज्ञान होण्याचं वय एकवीस होतं, आणि अज्ञानाशी केलेला करार त्या अज्ञानाला मोडता येतो हे तर जुनं कायदेतत्त्व. म्हणजे मुलाने पैसे बुडवले तर कोर्टात जाण्यात अर्थ नव्हता. परत आलेल्या घरातलं नाणं बदललेलं असलं तर ते सिद्ध करणंही अवघड. तरीही धंदा चालला, याचा अर्थ बहुतेक मुलं पैसे पाठवत होती. जी पाठवत नव्हती त्यांचं नुकसान किमतीत आधीच धरलेलं असे, तेव्हा प्रामाणिक मुलं अप्रामाणिक मुलांची बाकीही थोडी थोडी भरत होती. अप्रूव्हलवरची नाणी प्रदर्शनातल्या टेबलावरच्या नाण्यांहून महाग, ही जाणत्या संग्राहकांची तक्रार खरीच होती. पण प्रदर्शनाचं टेबल ज्याच्या गावापासून तीनशे मैलांवर आहे, त्याच्यासाठी ही तुलना नव्हतीच.

मुलाला काय मिळालं, हेही सांगायला हवं. बहुधा आयुष्यात पहिल्यांदा कोणा मोठ्या माणसाने त्याच्या नावाने पाकीट पाठवून त्याला ठरवायला सांगितलं होतं. नाणं भिंगाखाली धरायचं, रेड बुकातली किंमत पाहायची, हातातले पैसे मोजायचे, एक ठेवायचं आणि तीन परत करायची. परत करण्याचं हे शिक्षण ठेवण्याच्या शिक्षणाहून मोलाचं होतं.

*

नाण्यांना अप्रूव्हलची गरज तिकिटांपेक्षाही जास्त होती, आणि तिचं कारण भाषेत आहे. नाण्याचं मोल त्याच्या झिजेवर ठरतं, आणि झीज शब्दांत सांगावी लागते. अमेरिकी संग्राहकांची शब्दमाला वाचताना भाषांतरकाराला धक्का बसतो. ‘गुड’ म्हणजे चांगलं नव्हे. ‘गुड’ म्हणजे चेहऱ्याची बाह्यरेषा तेवढी उरलेलं, गव्हाच्या ओंब्यांवरच्या रेघा पुसल्या गेलेलं, पण साल वाचता येणारं नाणं. त्याच्या वर ‘व्हेरी गुड’, मग ‘फाइन’, ‘व्हेरी फाइन’, ‘एक्स्ट्रीमली फाइन’ आणि शेवटी ‘अनसर्क्युलेटेड’, म्हणजे व्यवहारात न फिरलेलं. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये जुन्या मोठ्या सेंटांसाठी एक ते सत्तर अशी मोजपट्टी मांडली, आणि ती पुढे सगळ्याच नाण्यांना लागू झाली. तिच्यावर ‘गुड’ची जागा चारवर आहे. सत्तरात चार गुण मिळवणाऱ्याला चांगला म्हणणारी दुसरी शाळा कुठे असेल असं वाटत नाही.

हे शब्द विक्रेत्यांनी घडवले, म्हणून ते विक्रेत्यांच्या बाजूने झुकलेले आहेत. मराठीत ‘गुड’ला ‘झिजलेलं, पण ओळख पटणारं’ म्हणावं लागेल, आणि असं म्हटलं की विक्री अर्धी होईल. जाहिरातीतल्या चित्रावरून झीज कळत नसे, आणि शब्दाचा अर्थ व्यापाऱ्यागणिक बदले. एकाचं ‘फाइन’ ते दुसऱ्याचं ‘व्हेरी गुड’. अप्रूव्हलचं पाकीट या भांडणावर उत्तर होतं. शब्दावर विश्वास ठेवू नका, नाणंच पाहा. वर्णनाच्या जागी वस्तू येत होती, आणि अर्थ ठरवण्याचा हक्क घेणाऱ्याकडे जात होता.

१९६४-६५ नंतर ही गरज आणखी वाढली. देशात चिल्लरची टंचाई झाली आणि तिचं खापर संग्राहकांवरही फुटलं. त्यांनी नाणी साठवू नयेत म्हणून १९६५ ते १९६७ या सालांच्या नाण्यांवर टांकसाळीची खूणच टाकली गेली नाही. १९६५ च्या नाणे कायद्याने डाइम आणि क्वार्टरमधली चांदी काढली. मग जे व्हायचं तेच झालं. लोकांनी चांदीची नाणी बाजूला ठेवली, आणि काही वर्षांत ती व्यवहारातून नाहीशी झाली. ज्या खिशातून भोकं भरत होती तो खिसाच रिकामा झाला. यापुढे जुनं नाणं सापडणार नव्हतं, ते विकतच घ्यावं लागणार होतं.

*

आता फसगतीकडे येतो. तिचं मूळ एका बिनशब्दी गोष्टीत आहे, म्हणजे मौनात.

मुलाने पाकीट उघडलं, टेबलाच्या खणात ठेवलं आणि तो विसरला. तीन आठवडे गेले. त्याने काही ठेवलं म्हणून कळवलं नाही आणि काही परतही केलं नाही. या गप्प राहण्याचा अर्थ काय? आपल्याकडची जुनी म्हण सांगते की मौन ही संमती. व्यापारी कायदाही जवळपास हेच सांगतो. अमेरिकेतल्या जवळजवळ सर्व राज्यांनी स्वीकारलेल्या व्यापारी संहितेनुसार, पसंतीवर घेतलेला माल परत करायचा आहे असं वेळेत कळवलं नाही, तर तो स्वीकारला असं धरलं जातं. तोवर मालकी आणि नुकसानीची जोखीम विकणाऱ्याकडेच राहते. भारताचा १९३० चा मालविक्री कायदा इंग्लंडच्या १८९३ च्या कायद्यावर बेतलेला आहे. त्याचं चोविसावं कलमही याच दिशेने जातं. ठरलेली मुदत किंवा वाजवी काळ उलटून गेला आणि नकार कळवला नाही, तर माल तुमचा झाला. हिरेबाजारातली जांगड या कलमात बसते की नाही यावर आपल्या न्यायालयांत वाद झाले, कारण बाजाराच्या समजुतीत जांगडचा माल निव्वळ गप्प राहिल्याने कोणाचा होत नाही.

पण हा नियम मागवलेल्या मालाचा झाला. न मागवता आलेल्या मालाचं काय? साठच्या दशकापर्यंत अमेरिकेत घरोघरी न मागवलेल्या वस्तू पाठवायच्या आणि मग बिलं आणि तगाद्याची पत्रं धाडायची, हा एक धंदाच होऊन बसला होता. नेकटाय, शुभेच्छापत्रं, तिकिटं, काहीही. घाबरून पैसे भरणारे असतातच. १९७० च्या टपाल पुनर्रचना कायद्याने याला आळा घातला. न मागवता आलेली वस्तू घेणाऱ्याने खुशाल भेट समजावी, वापरावी, टाकून द्यावी; पाठवणाऱ्याने बिल किंवा तगादा पाठवू नये. मोफत नमुने आणि धर्मादाय संस्थांनी पाठवलेल्या वस्तू तेवढ्या यातून वगळल्या. इंग्लंडने पुढच्याच वर्षी असा कायदा केला, तिथे मात्र सुरुवातीला वस्तू काही काळ सांभाळून ठेवावी लागे.

म्हणजे एकाच मौनाला दोन उलटे अर्थ मिळाले. मागवलं असेल तर गप्प राहणं म्हणजे विकत घेणं. मागवलं नसेल तर गप्प राहणं म्हणजे फुकट मिळणं. सगळं ओझं ‘मागवलं का?’ या एका प्रश्नावर येऊन पडलं, आणि त्याचं उत्तर होतं जाहिरातीच्या तळाशी, बारीक अक्षरांत. संच मागवताना तुम्ही अप्रूव्हललाही हो म्हटलंत, असं व्यापारी दाखवू शकत होता. बारा वर्षांच्या मुलाने ते वाक्य वाचलं होतं का? वाचलं असलं तरी ‘अप्रूव्हल’ या शब्दाचा अर्थ त्याला कळला होता का? प्रामाणिक व्यापारी ते वाक्य ठळक छापत, पाकिटात पुन्हा समजावून सांगत आणि ‘बंद करा’ असं कळवलं की थांबत. बाकीचे त्या वाक्याच्या आकारावरच जगत. दोघांची पाकिटं बाहेरून सारखीच दिसत.

*

भारतातही टपालाने दूरच्या माणसाला माल विकण्याची जुनी व्यवस्था आहे, पण तिचा क्रम नेमका उलटा आहे. मूल्यदेय टपाल, म्हणजे आपल्या बोलण्यातली व्ही. पी., १८७७ साली सुरू झाली. मनीऑर्डर त्यानंतर, १८८० मध्ये आली. व्ही. पी.त विकणारा आणि घेणारा यांच्यात सरकार उभं असतं, आणि तेही पोस्टमनच्या रूपात, दारात. पैसे मोजल्याशिवाय पुडकं हातात येत नाही, आणि पुडक्यात काय आहे ते पैसे मोजल्यावरच कळतं. मराठी प्रकाशकांनी आणि मासिकांनी या व्यवस्थेवर कित्येक दशकं पुस्तकं आणि अंक गावोगाव पोचवले. संपादकांचं दुःखही तिथलंच. वर्गणीची व्ही. पी. परत आली, की टपालखर्च अंगावर.

दोन्ही पद्धती शेजारी ठेवल्या की दिसतं, की विश्वासाची जागा बदलते. व्ही. पी.त घेणाऱ्याने विकणाऱ्यावर विश्वास ठेवायचा. आत वीटही निघू शकते. अप्रूव्हलमध्ये विकणाऱ्याने घेणाऱ्यावर विश्वास ठेवायचा. परतीचं पाकीट रिकामंही येऊ शकतं, किंवा येणारच नाही. पण दोहोंत एक गोष्ट समान आहे. घेणाऱ्याने स्वतःच्या हाताने, जाणूनबुजून पैसे काढून दिल्याशिवाय पैसा हलत नाही. व्ही. पी. नाकारायला दार लावलं की पुरे. अप्रूव्हलच्या मुलाला पैसे न पाठवायला तर काहीच करावं लागत नसे. तो गप्प राहिला तर फार तर पत्रं यायची, आणि ती पत्रं आईवडिलांच्या हाती पडायची.

*

अप्रूव्हल अजून संपलेलं नाही. काही कंपन्या आजही अशी पाकिटं पाठवतात, आणि अनेक वयस्क अमेरिकी संग्राहकांना त्यांच्याबद्दल माया आहे. पण तिचं कारण मात्र दोन बाजूंनी झिजलं. १९८६ साली पीसीजीएस ही कंपनी नाण्यांची पारख करून ती प्लास्टिकच्या मोहोरबंद डबीत, गुणांसह बंद करू लागली. पुढच्या वर्षी एनजीसी आली. ‘गुड’ की ‘फाइन’ या वादाचा निवाडा तिसऱ्याने करून टाकला, आणि नाणं न पाहताही विकत घेणं शक्य झालं. दुसरीकडे इंटरनेटवरच्या लिलावांनी आणि छायाचित्रांनी तीनशे मैलांवरचं टेबल पडद्यावर आणलं.

शब्द मात्र दुसरीकडे निघून गेला. पहिला महिना मोफत, नको असेल तर रद्द करा. ही आजची वाक्यं अप्रूव्हलचीच वंशज आहेत. स्वस्त संच, बारीक अक्षरं आणि पुढच्या महिन्याचं पाकीट, सगळं तिथे आहे. फरक फक्त मौनाच्या किमतीत आहे. मुलगा गप्प राहिला तर व्यापाऱ्याचा माल अडकत असे. आज आपण गप्प राहिलो तर आपल्या कार्डातून पैसे जातात. भारतात २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या मांडणीच्या तेरा प्रकारांची यादी केली. त्यात वर्गणीचा सापळा हा एक स्वतंत्र प्रकार आहे. अमेरिकेत २०२४ साली व्यापार आयोगाने, सदस्य होणं जितकं सोपं तितकंच रद्द करणंही सोपं असावं, असा नियम केला. न्यायालयाने तो २०२५ मध्ये रद्द ठरवला. मौनाचा अर्थ कोणी ठरवायचा, हा वाद तिथे अजून मिटलेला नाही.

म्हणून ‘ऑन अप्रूव्हल’ला मराठीत काय म्हणायचं, हा प्रश्न वाटतो तेवढा लहान नाही. ‘पसंतीवर’ म्हटलं तर घेणाऱ्याचा हक्क दिसतो आणि विकणाऱ्याची जोखीम झाकली जाते. ‘जांगड’ म्हटलं तर जोखीम दिसते, पण ओळखीचं जग गृहीत धरलं जातं. अनोळखी मुलाला पाठवलेल्या त्या पाकिटात दोन्ही होतं. मी भाषांतरात जांगडच लिहीन. झवेरी बाजाराबाहेरच्या वाचकाला तो शब्द क्षणभर अडवील, आणि तेवढा वेळ त्याने थांबावं अशीच माझी इच्छा आहे. माल कोणाचा, पैसे कधी द्यायचे आणि आपण गप्प राहिलो तर काय, हे तीन प्रश्न ‘हो’वर बोट ठेवण्याआधी विचारण्यासाठी एवढा वेळ पुरतो.